इग्नासच्या नावावरचे एकेचाळीस चेंडू

अल्डोनाबाईंची मोजणी चुकली, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला उचलून आमच्या नेमुनास नदीत टाकलं असतं. खरं सांगतो. आणि हे मला सांगितलं ते खुद्द अल्डोनाबाईंनी, गेल्या जूनमध्ये, त्यांच्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बीटाचं गार सूप ठेवून. चमचा माझ्या हातातून सुटला, टेबलावरचं पांढरं कापड गुलाबी झालं. बाईंनी ते पुसलंसुद्धा नाही.

बाई आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायच्या. आता निवृत्त. नवरा गेला, मुलगी नॉर्वेला गेली, चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकलेला. पण सत्तावीस वर्षं आमच्या बास्केटबॉल क्लबचा घरच्या मैदानावरचा एक सामना त्यांनी चुकवला नाही. मैदानाच्या कडेला टेबल असतं, तिथे बसून प्रत्येक खेळाडूचे गुण, पास, रिबाउंड, सगळं त्या टिपायच्या. आधी पेन्सिलीने, मग संगणकावर. शेजारी मी, चोवीस सेकंदांचं घड्याळ दाबायला. सामना संपला की कागदावर बाईंची सही. ती झाली की विषय संपला. त्यांचा सख्खा भाचा आमच्या संघात होता, त्यालासुद्धा कधी एक पास जास्त दिला नाही बाईंनी. बहीण दोन नाताळ बोलली नव्हती.

तर हा इग्नास. बाईंचाच विद्यार्थी. बारा वर्षं बाहेरच्या क्लबांतून खेळला आणि तेहतिसाव्या वर्षी गावी परत आला. इथे घर घेतलं, पोरगी इथल्या शाळेत घातली. स्टार-बिर नव्हे हो, भिंतीसारखा उभा राहणारा, धक्के खाणारा, दुसऱ्याला मोकळं करून देणारा. गुण किती? सामन्याला चार. पगार महिन्याला तीन हजार युरो. आता आमच्या गावात बास्केटबॉल न कळणारा माणूस फक्त पाळण्यात सापडेल. त्यामुळे वर्षभर एकच चर्चा, दाढीच्या दुकानात तीच, वाफेच्या खोलीत उघडे बसलेल्यांचीही तीच: इग्नास तीन हजारांच्या लायकीचा आहे का?

"चार गुण आणि चार फाउल! एका फाउलला साडेसातशे पडले की," मीच म्हणालो होतो बिअरच्या टपरीवर, लसणीचा तळलेला काळा पाव चघळत. सगळे हसले. मलाही फार बरं वाटलं. लाज वाटते आता.

त्याच्या करारात एक कलम होतं. मोसमाची रिबाउंडची सरासरी पाच झाली, म्हणजे हुकलेला चेंडू त्याने सामन्यामागे पाच वेळा मिळवला, तर करार आपोआप दोन वर्षं वाढणार. गावात हे सगळ्यांना पाठ. आणि गंमत बघा, बाहेरगावी त्याची सरासरी जवळजवळ सहा, घरी साडेतीन!

"बायकोच्या हातचं खाऊन सुस्तावतो लेकाचा," टपरीवाला म्हणायचा. एक माणूस म्हणाला नाही की बाबांनो, असं का होतंय ते बघा तरी. मीही नाही. मी तर हाताच्या अंतरावर बसलेला!

बाईंना कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मी मोजते. किंमत तुम्ही करा."

नोव्हेंबरात एकदा सामन्यानंतर इग्नास टेबलाशी आला. घामाघूम, टॉवेल मानेवर. म्हणाला, "बाई, एक विचारू? उडी मारून मी चेंडू बोटांनी आपल्याच माणसाकडे ढकलतो ना, तो रिबाउंड कोणाचा?"

"ज्याच्या हातात राहिला त्याचा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "का? मला नियम शिकवायचाय?"

"छे छे, बाई. नुसतं विचारलं."

मे महिन्यात मोसम संपला. छत्तीस सामने, एकशे एकोणसत्तर रिबाउंड, सरासरी चार पूर्णांक सात. करार गेला. गाव म्हणालं, बरं झालं, पैसे वाचले.

आणि जूनमध्ये कौनासला टेबलवाल्यांचं शिबिर झालं. बाईंना जुन्या म्हणून दरवर्षी सूट असायची, यंदा सगळ्यांनाच बोलावलं होतं. पडद्यावर एक तुकडा दाखवला: खेळाडू उडी मारतो, चेंडू नीट बोटांनी सोबत्याकडे ढकलतो. रिबाउंड कोणाचा? ढकलणाऱ्याचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा. साठ हात वर गेले. मग शिकवणाऱ्याने विचारलं, पकडणाऱ्याचा कोण म्हणतंय? एकच हात वर गेला, आमच्या बाईंचा.

"विशीतली पोरं होती रे, झेनोनास," बाई मला सूपसमोर सांगत होत्या. "कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं."

त्यांनी पेन्सिलीच्या काळात कोणाकडून तरी ऐकलेला नियम पुढची सत्तावीस वर्षं चालवला होता. आणि आम्ही कोणी पुस्तक उघडून पाहिलं नव्हतं. बाई सांगतायत म्हटल्यावर पुस्तक कशाला?

मग आम्ही दोघांनी घरच्या अठराही सामन्यांची चित्रफीत पाहिली. पाच दिवस लागले. बाई पडदा थांबवायच्या, मागे न्यायच्या, परत बघायच्या. "हा." पेन्सिलीची रेघ. "हाही." दहा झाल्यावर मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. पंचवीस झाल्यावर बाईंनी पेन्सिलीला नवं टोक काढलं. एकेचाळीस! एकेचाळीस चेंडू त्या माणसाने बोटांनी सोबत्यांना दिले होते आणि आम्ही ते दुसऱ्यांच्या नावावर चढवले होते. घरची सरासरी साडेतीन नव्हती, पाच पूर्णांक आठ होती. बाहेर होती तेवढीच. मोसमाचीही पाच पूर्णांक आठ. "अहो बाई, हे काय करून बसलो आपण!" एवढंच मी म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन क्लबचे संचालक झिल्विनास यांच्याकडे गेलो. त्यांनी वाचलं, खुर्चीत मागे रेलले.

"लीगची नोंद बंद झाली, बाई. आणि त्याच्या जागी लात्वियाचा पोरगा घेतला, कालच सही झाली."

"चूक माझी आहे. मी लिहून देते. तुम्ही माझ्या चुकीवर त्याला काढलंत."

"मी काढला?" झिल्विनास ताडकन उठले. "मी ठेवणार होतो त्याला! कलम गेलं खड्ड्यात. प्रशिक्षक पाया पडत होता माझ्या. इग्नासच आला होता इथे, तुमच्या सहीचा कागद घेऊन. म्हणाला, घरच्या लोकांसमोर साडेतीनच होतात माझ्याच्याने. खाल्लेले पैसे फेडता येत नाहीत, निदान पुढचे घेत नाही."

बाईंनी माझा दंड पकडला. मला वाटत होतं गावाने त्याला हाकललं. त्याने स्वतःच स्वतःला हाकललं होतं, आमच्या कागदावर भरवसा ठेवून!

तिथून थेट त्याच्या घरी. वाटेत बाईंनी बाजारात पिओनीची फुलं घेतली. आमच्यात जिवंत माणसाला विषम फुलं देतात, सम फुलं कबरीवर जातात. गाडीत बसल्यावर गुच्छ माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "पाचच आहेत ना? मोज बरं." बाई मला मोजायला सांगत होत्या! मी दोनदा मोजली, पाचच होती.

इग्नास अंगणात बर्चची लाकडं रचत होता. सासऱ्याच्या लाकूडगिरणीत लागला होता. बाई सगळं उभ्याउभ्याच बोलल्या, एकही शब्द मऊ न करता. मला वाटलं, आता हा ओंडका फेकून मारणार. मारायलाच हवा होता.

"तू मला विचारलं होतंस," बाई म्हणाल्या. "तुला नियम ठाऊक होता. भांडला का नाहीस?"

"बारा वर्षं मला वेगळंच माहीत होतं, बाई. पण तुम्ही म्हणालात, तेव्हा वाटलं मीच चुकत असेन." त्याने हातमोजे काढले. "नंतर आकडे बघितले. म्हटलं, म्हातारा झालास रे."

त्याने कागद घेतला. एकेका ओळीवरून बोट फिरवत गेला, तारीख, मिनिट, सेकंद. बराच वेळ. मग वर बघून विचारलं, "म्हणजे मी खेळत होतो?"

"खेळत होतास," बाई म्हणाल्या.

मी तोंड फिरवलं. टपरीवरचं माझं साडेसातशेचं वाक्य त्याने ऐकलं असेल का, असं विचारायचं होतं. हिंमत झाली नाही.

"मी हा ठेवून घेऊ?" त्याने विचारलं.

"त्याला काही किंमत नाही, इग्नास. लीग मानत नाही तो."

"असू दे. पण यावर सही नाहीये तुमची."

बाईंनी चष्मा चढवला, लाकडांच्या राशीवर कागद ठेवला आणि सही केली. सत्तावीस वर्षांत बाईंची वाकडी सही मी पहिल्यांदाच पाहिली.