माठातलं मचूळ पाणी

मुंबईतल्या चारकोपच्या वाडीतली ती घटना आजही मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तिथल्या ठाण्यात फौजदार होतो. आजूबाजूला इमारती उठत होत्या. बांधकामांना पाणी पुरवणाऱ्या एका टँकरवाल्याने वाडीच्या सामाईक विहिरीवर पंप बसवला होता. तोच फिर्यादी. "साहेब, विहिरीत कोणीतरी रॉकेल ओतलं, धंद्याची वाट लागली!"

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. संशय दुसऱ्या टँकरवाल्यावर. त्याला चांगला दरडावला, पण गडी त्या दिवशी गावाला होता. झालं, दोन दिवस फुकट गेले.

मग तारीख पुन्हा पाहिली. अमावस्या! वाडीची रीत अशी, की अमावस्येला विहिरीत, त्यांच्या बोलीत 'बावीत', कळशी सोडायची नाही, तिला विसावा द्यायचा. म्हणजे वाडीतल्या कोणाच्या पोटात रॉकेल जाऊ नये, ही काळजी ओतणाऱ्याने घेतली होती. माणूस वाडीतलाच.

हवालदार घरोघर फिरून आले. "साहेब, गिरणी कामगाराची एक म्हातारी विधवा आहे. अमावस्येच्या आदल्याच दिवशी महिन्याचं रेशनचं रॉकेल आणलंय, आणि स्टोव्ह कोरडा ठणठणीत. चुलीवर भात शिजवतेय."

तिला ठाण्यात आणलं. आढेवेढे नाहीत.

"मियाच ओतलंय, सायबा. बाव दमली हा. ह्यो टँकरवालो दिवसभर उपसता, अमावाशेक पण सोडणा नाय. पाणी खारा होत चाललाहा. म्हटलंय, वास इलो की चार दिस तरी बावीक सोडीत."

जबाब लिहून झाल्यावर मी माठातलं पाणी दिलं. एक घोट घेऊन ती थांबली.

"ह्या आमच्याच बावीचा पाणी."

हवालदारांनी मान खाली घातली. तो टँकरवाला रोज सकाळी ठाण्याचं पिंप फुकट भरून जायचा; माठातलं पाणी रॉकेल पडण्याआधी भरलेलं होतं. पाणी हल्ली मचूळ लागतं, अशी कुरकुर महिनाभर मीच करत होतो. मला लाज वाटली. म्हातारीने मात्र पाणी टाकलं नाही, पेला संपवला.

पाणी नासवल्याचं कलम तिला लागलं. कोर्टाने समज देऊन सोडलं. विहीर उपसून मारणाऱ्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. ठाण्याचं पिंप तेवढं त्याच्याकडून भरून घेणं मी बंद केलं. वास गेल्यावर पंप पुन्हा सुरू झाला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी पार खारट झालं, टँकरवाला निघून गेला आणि लोकांनी विहिरीत बांधकामांचं डेब्रिज टाकलं. म्हातारी त्यानंतर फार जगली नाही.

"हा माल कुठून आणला?" असं मी नोकरीत शेकडो जणांना दरडावून विचारलं. आमच्या माठाबद्दल ते एकदाही विचारलं नाही.