रुंद तोंडाची बाटली

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो शाळेतल्या सुर्वेबाईंमुळे. गडावर सहल नेली की बाई आपली पाण्याची बाटली सगळ्यांत मागे राहिलेल्या मुलाला आधी देत. तो बहुधा मीच असे. "पी सावकाश. गड कुठे पळून जात नाही," म्हणत.

बाईंना पुन्हा गडावर न्यायचं मी कबूल केलं होतं. काल ट्रेकिंगच्या दुकानात त्यासाठी ठरवलेली बाटली बघायला उगाच गेलो. दुकानदाराने ती फरशीवर आपटून दाखवली. "बघा, पोचासुद्धा नाही. जन्मभर टिकेल. चढताना अरुंद तोंडाचीच घ्या, सांडत नाही."

गड खरंच कुठे पळून गेलेला नाही. पण पक्षाघातानंतर बाई अंथरुणावर आहेत, सून त्यांना चमच्याने पाणी पाजते. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. मला जन्मभर टिकणाऱ्या त्या वस्तूचा रागच आला.

शेवटी मी रुंद तोंडाची घेतली आणि पत्रासह पाठवून दिली:

"बाई, गडावर आता आपलं जाणं होणार नाही. मागे राहिलेल्याला आधी पाणी, हे तुम्हीच शिकवलंत. या बाटलीत चमचा सहज जातो."