ओठवाली रांग

नाव : श्री. गिरधर चुडामण सपकाळे, रा. सोनगीर. पदनाम : अंशकालीन कला निदेशक (संगीत). नियुक्तीचे स्वरूप : निव्वळ तात्पुरते. कार्यस्थळ : सातपुड्याच्या पायथ्याची एक प्राथमिक शाळा. उल्लेखनीय कार्य : सदर कर्मचाऱ्याने शंभर टक्के विद्यार्थ्यांना समूहगायनात सहभागी करून घेतले असून एकही विद्यार्थी गायनापासून वंचित राहिलेला नाही.

हा मजकूर मुख्याध्यापिका ज्योत्स्नाबाईंच्या हातचा. गिरधर नानांनी त्याची झेरॉक्स पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती. पेटी त्यांची स्वतःची, सोनगीरच्या भजनी मंडळातून निवृत्त झालेली. शाळेकडेही एक पेटी होती. पण ती नवी असल्यामुळे कपाटात कुलूपबंद असे.

शंभर टक्क्यांमागची युक्ती साधी होती. समूहगीत स्पर्धेत अख्खा वर्ग उभा करायचा, असा नियम. वर्गात मुलं छत्तीस, सुरात अकरा. उरलेल्या पंचवीस जणांचं काय करावं, याला शास्त्रीय संगीतात उत्तर नाही. भजनी मंडळात आहे. तिथे गावातली काही वजनदार मंडळी अशी असतात की त्यांना भजनाला बसवल्याशिवाय भागत नाही आणि गाऊ दिलं तर भजन उरत नाही. त्यांना मागे बसवतात, हातात टाळ देतात आणि फक्त ओठ हलवायला सांगतात. नानांनी ही पद्धत टाळ वगळून शाळेत आणली. पुढची रांग गाणाऱ्यांची, मागची ओठवाली.

रूपा पावरा पाचवीत आली तेव्हा नानांनी रिवाजाप्रमाणे प्रत्येकाकडून एकेक ओळ म्हणवून घेतली. रूपाने ओळ उचलली आणि मध्यावर येताच आवाज असा वर फेकला की शेजारच्या वर्गातलं गणित थांबलं. नानांचा हात पेटीवरून उठला.

"बई, बई! शाळा शे ही, वावर नही. तू मांगे उभी ऱ्हाय. फक्त ओठ हलाव."

पोरं हसली. रूपा मागे जाऊन उभी राहिली.

सांगितलेलं मनावर घेणारी पोर. आठवड्याभरात तिच्याइतके नेटके ओठ कुणाचेच हलेनात. काना-मात्रा चुकायची नाही, श्वाससुद्धा गाणाऱ्यांच्या बरोबरीने घ्यायची. नानांनी तिला मागच्या रांगेची म्होरकी केलं. स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि परीक्षक म्हणाले, "मागच्या रांगेतली ती मुलगी काय तल्लीन होऊन गात होती!" ही गोष्ट नाना दोन वर्षं सोनगीरच्या पारावर सांगत होते. पार दर वेळी हसायचा.

रूपा सातवीत गेली. त्या जानेवारीत नवी स्पर्धा निघाली : आपल्या बोलीतलं गाणं, एकट्याने. ज्योत्स्नाबाई वर्गात आल्या. "नाना, पावरी बोलीत गाणारं आहे का हो कुणी?"

वर्ग एका आवाजात म्हणाला, "रूपा!"

नानांना हसू आलं. "रूपा? ती तं ओठवाली शे."

"नाही सर," पहिल्या बाकावरची मेघा म्हणाली, "होळीला तीच गाते. बाया घरी येतात तिला बोलवायला."

नानांनी भाता ओढला. रूपा पुढे आली, हात सरळ सोडून उभी राहिली. ओठ हलू लागले. एक कडवं झालं, दुसरं झालं. आवाज नव्हता. पोरांना वाटलं, गंमत करते आहे; ती गंमत करत नव्हती.

"मोठ्याने, बेटा."

ओठ मोठे उघडले.

"अवं, आवाज कुठे शे तुना?"

मास्तर स्वतःच शिकवलेला धडा विसरले की हुशार मुलं जशी पाहतात, तसं तिने नानांकडे पाहिलं. "शाळेत असंच गातात ना, सर?"

नानांनी वर्ग बाहेर काढला. मग पेटी बंद केली. मग भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे तिला संकोच नको. पाठीमागे मुकाट्याने गाणं चालू होतं, हे त्यांना तिच्या श्वासावरून कळत होतं. महिनाभर हेच. स्पर्धेची तारीख निघून गेली, शाळेतून कुणीच गेलं नाही. नानांनी तरी सोडलं नाही. एप्रिलअखेर त्यांची नेमणूक संपणार होती, आणि सातवीच्या पुढे या शाळेत वर्गच नव्हते. त्याआधी ते गाणं त्यांना ऐकायचं होतं. नंबराचा विषय केव्हाच मागे पडला होता.

शेवटच्या आठवड्यात ते चढाच्या वाटेने पाड्यावर गेले. रूपाची आई बुधीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं.

"घरी गाते का ती?" नानांनी विचारलं.

"दिवसभर. डोकं उठवते." बुधीबाई हसली. "आत्ता गात होती ना. सर आले, बंद झाली."

"ती आवाज वर का फेकते, ओळीच्या मध्यात?"

बुधीबाईला प्रश्नच कळला नाही. मग कळला. "अर्धी ओळ आपली, सर. अर्धी पलीकडच्या वावरातल्या बाईची. वर टाकलं नाही तर ती झेलेल कशी?"

नानांनी ग्लास खाली ठेवला. बत्तीस वर्षं पेटी वाजवली, पण ओळ झेलायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरीने वर टाकली होती आणि पलीकडे ते स्वतःच बसले होते.

"बोलाव तिले," ते म्हणाले. "मी शिकाडाले नही आलो. मी झेलाले आलो."

रूपा आली. सरांना पाहून तिने हातातली टोपली खाली ठेवली, हात सरळ सोडले आणि पाय जुळवले. ओठ हलू लागले.

"अगं, घरात आहेस तू!" बुधीबाई ओरडली.

रूपा थांबली नाही. अर्ध्या ओळीवर मात्र थांबली आणि सरांकडे पाहत राहिली. नानांनी तोंड उघडलं. पुढचे शब्द त्यांना माहीत नव्हते.

परतताना शिरपूरच्या स्टँडवर सोनगीरची एसटी येईपर्यंत ते ती पहिल्या दिवशीची ओळ आठवत बसले. चाल आठवेना, शब्द आठवेनात. आपण कुठे थांबवलं, तेवढी जागा लख्ख आठवत होती.

जूनमध्ये रूपा आठवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली. नानांच्या नेमणुकीचा नवा आदेश त्या वर्षी आला नाही. वार्षिक अहवालात समूहगायनातील सहभाग शंभर टक्के नोंदला आहे. गिरधर नानांनी रूपाचा आवाज एकदाच ऐकला, अर्धी ओळ.