पुकारेवाल्या मावशींचा प्रवेश

कौटुंबिक न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावरचा मावशींचा आवाज ऐकला नाही, असा माणूस त्या इमारतीत शोधून सापडला नसता. आतून न्यायाधीशांनी घंटी वाजवली की मावशी दाराबाहेर येत, खांद्यावरचा पट्टा सारखा करत, कागदावर नजर टाकत आणि पक्षकाराच्या नावाचा पुकारा करत. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कुणी उठलं नाही की आत जाऊन सांगत, "गैरहजर, साहेब." रोजनाम्यात तसं लिहिलं जाई आणि पुढचं प्रकरण निघे. खाली चहा पीत बसलेले वकील तो आवाज कानावर पडला की अर्धा कप तसाच टाकून जिना चढू लागत. शेजारच्या खोलीतला टंकलेखक कानात कापसाचे बोळे घालून काम करी, आणि ते काही हौसेने नाही.

एवढा दणदणीत आवाज असलेल्या या बाईंची एका ठिकाणी मात्र बोलती बंद होई. बाहेरच्या बाकावर ताटकळत बसलेल्या बायका त्यांना हळूच विचारत, "मावशी, वडील गेले. मागे आम्ही दोघी बहिणी, आई आणि चुलता. घरात माझा हिस्सा किती निघेल हो?" कुणी विचारी, नवरा रागाच्या भरात तोंडाने बोलून गेला, तो तलाक धरायचा की नाही. मावशी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आल्या होत्या, "वकिलांना विचारा." बाई मान हलवी आणि बाकावरच बसून राही, कारण वकिलांना विचारायची हिंमत असती तर तिने मावशींना विचारलंच नसतं. मावशींना त्याची लाज वाटे. दिवसभर आपण या दारातून आत-बाहेर करतो आणि दाराच्या आत काय ठरतं ते एका बाईला समजावून सांगता येत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

म्हणून विद्यापीठाची जाहिरात आली तेव्हा मावशींनी ती कापून घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवली. इस्लामी विद्या आणि कायदा, दोन्ही मिळून एक पदवी, आणि वर्ग संध्याकाळचे. मावशींचा नवरा कुलपं दुरुस्त करायचा. दुकान बंद करून तो घरी आला, चष्मा चढवला आणि पात्रतेच्या अटी मोठ्याने वाचू लागला.

"बारावी उत्तीर्ण. ती तू झालीस. अरबीची लेखी परीक्षा. कुराणाचा शेवटचा भाग तोंडपाठ हवा, त्याची तोंडी परीक्षा. मग मुलाखत. दोन प्रतिष्ठित माणसांची शिफारसपत्रं, नातेवाईक चालणार नाहीत. घ्या, म्हणजे मी बाद."

"जावईबापू, तुम्ही प्रतिष्ठित कधी होतात?" पलंगावर लसूण सोलत बसलेली मावशींची आई म्हणाली. म्हातारीचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

जावईबापूंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि शेवटची ओळ वाचली. पुढच्या वर्षापासून पस्तिशीच्या वरच्या कुणालाही प्रवेश मिळणार नव्हता. मावशी पन्नाशीला टेकलेल्या. म्हणजे काय ते याच वर्षी, नाहीतर कायमचं विसरायचं.

बारावीपर्यंत तरी त्या कशा पोचल्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वडील अचानक गेले तेव्हा त्या शाळेत होत्या. शाळा सुटली, इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी घड्या घालायचं काम मिळालं, पुढे न्यायालयात चिकटल्या. आपली मुलगी बारावीला बसली तेव्हा मावशीही बाहेरून बसल्या. मुलीला मार्क जास्त पडले, पण इतिहासात आपण तिला मागे टाकलं हे मावशी अजून आल्यागेल्याला ऐकवतात. मुलगी आता परगावी नांदते आणि फोनवर आईचं हे पुराण निमूट ऐकून घेते.

अरबीने मात्र त्यांचा घाम काढला. वाचता लहानपणापासून येत होतं, पण व्याकरणाशी कधी गाठ पडली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्या जुन्या फायलींच्या खोलीत बसून क्रियापदं घोकत आणि टंकलेखक बोळे आणखी आत ढकली. लेखी परीक्षेत त्या काठावर पास झाल्या, पण झाल्या. एक शिफारसपत्र ओळखीच्या वकिलांनी दिलं, दुसरं न्यायाधीशांनी. त्यात लिहिलं होतं, 'कामात चोख, वागण्यात सरळ, आणि आवाज सुस्पष्ट.'

"सुस्पष्ट!" नवरा म्हणाला. "साहेब फारच सभ्य माणूस दिसतो."

तोंडी परीक्षा आणि मुलाखत एकाच दिवशी होती. त्या दिवशी नवऱ्याने दुकान बंद ठेवलं आणि तो खाली झाडाच्या सावलीत जाऊन बसला. मावशी वर गेल्या. लांबलचक व्हरांड्यात उमेदवार दाटीवाटीने बसले होते, सगळे त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. जो तो डोळे मिटून पुटपुटत होता आणि सगळ्यांचं मिळून चांगलंच गुणगुणणं चाललं होतं. दाराशी एक कारकून मुलगी यादी घेऊन उभी होती. बिचारीचा आवाज इतका बारीक की तिने नाव घेतलं ते पहिल्या बाकापर्यंतही पोचलं नाही. एक उमेदवार समोर बसलेला असून त्याचा नंबर जवळजवळ गेलाच होता. दुसऱ्या खेपेला तेच. मावशींना बघवेना.

"अगं, पोटातून आवाज काढ, पोटातून," त्या उठून म्हणाल्या. "आण ती यादी इकडे."

मुलीने यादी इतक्या चटकन दिली की ती कुणी मागण्याचीच वाट बघत असावी. "मी जरा पाणी पिऊन येते हं," असं म्हणून ती जी गेली, ती गेलीच.

मग काय विचारता. मावशींनी खांद्यावर नसलेला पट्टा सारखा केला आणि पहिला पुकारा केला. व्हरांड्यातलं गुणगुणणं एकदम थांबलं. चपला रांगेत लागल्या, मोबाईल बंद झाले. "आत गेल्यावर सलाम करायचा, खुर्ची ओढायची नाही, उत्तर येत नसेल तर छताकडे बघायचं नाही," असं प्रत्येकाला बजावून मावशी आत सोडू लागल्या. आतली घंटी वाजे, बाहेर पुकारा होई, उमेदवार उठे. आतल्या परीक्षकांना वाटलं, विद्यापीठाने यंदा चांगली माणसं नेमली आहेत. मावशींना तर इतकं बरं वाटत होतं की आपण इथे परीक्षेला आलो आहोत हेच त्या विसरल्या.

पुन्हा घंटी वाजली. मावशींनी यादीवर नजर टाकली आणि एक लांबलचक नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. तिसऱ्यांदा पुकारलं ते खाली झाडापर्यंत गेलं असावं. मग आत जाऊन त्या अदबीने म्हणाल्या, "गैरहजर, साहेब." आत तशी नोंद झाली आणि पुढच्या उमेदवाराला बोलावणं आलं.

थोड्या वेळाने कारकून मुलगी पाणी पिऊन परतली. "मावशी, तुमचे उपकार झाले," ती म्हणाली. "पण तुमची मुलाखत झाली का?"

"माझा नंबर आलाय कुठे अजून?"

"तुमचं नाव काय?"

मावशींनी पूर्ण नाव सांगितलं, अर्जावर लिहिलं होतं तसं, बापाच्या नावासकट. मुलीचं बोट यादीवरून खाली सरकत एका ओळीवर थांबलं. मावशींनी वाकून पाहिलं. मघाशी पुकारलेलं तेच नाव. कागदावरची नावं तोंडातून जायची, डोक्यात शिरायचीच नाहीत, इतक्या वर्षांची सवय. त्यात त्यांना घरीदारी सगळेच मावशी म्हणत. त्या लांबलचक नावाने त्यांना कुणी हाक मारून जमाना लोटला होता. आज मारली होती ती त्यांनी स्वतःच, आणि तीही तीनदा.

मावशी बाकावर बसल्या. आधी रडू येईल असं वाटलं, मग हसू यायला लागलं, आणि नक्की काय येतंय ते कळेना. उशिरा धावत येणारे पक्षकार त्यांनी हजारोंनी पाहिले होते. बस चुकली, पोर आजारी पडलं, कागद घरी राहिले. त्या प्रत्येकाला मावशी सांगत, गोष्टी रचू नका, खरं काय ते साहेबांना सांगा. आता आपली पाळी, असं म्हणून त्या उठल्या आणि दार ढकलून आत गेल्या.

"पुढचा उमेदवार?" मधल्या खुर्चीवरच्या वृद्ध प्राध्यापकांनी विचारलं.

"पुढचा नाही साहेब, मागचा. मघाशी जी गैरहजर होती ना, ती मीच."

त्यांनी सगळं सांगितलं. शेजारी बसलेल्या कायद्याच्या प्राध्यापकबाईंना हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वृद्ध प्राध्यापक हसले नाहीत. "नियम असा आहे," ते म्हणाले, "की नाव घेतल्यावर उमेदवार हजर नसेल तर त्याचा हक्क जातो."

"नियम मला पाठ आहे साहेब, आमच्याकडेही तोच आहे. पण नाव घेतलं तेव्हा मी दारातच होते. माझ्याइतकं जवळ दुसरं कुणी नव्हतं."

आता त्यांचीही दाढी हलली. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला, मावशी खुर्ची न ओढता बसल्या, आणि प्राध्यापकांनी कुराणातल्या एका सुरेची, म्हणजे अध्यायाची, पहिली आयत स्वतः म्हटली आणि पुढे म्हणायला सांगितलं. घाबरलेल्या माणसाचा आवाज बसतो. मावशींचा चढला. बाहेरचा व्हरांडा चिडीचूप झाला.

"जरा हळू," प्राध्यापक म्हणाले. "आम्ही इथेच आहोत."

एका ठिकाणी त्या अडखळल्या, मागे गेल्या, पुन्हा उचललं आणि शेवटपर्यंत नेलं. मग प्राध्यापकबाईंनी विचारलं, "एक माणूस वारला. मागे बायको, दोन मुली, आई आणि एक भाऊ. कुणाला किती जाईल?"

मावशींना न्यायालयाच्या बाकावरच्या बायका दिसल्या. "माहीत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "रोज बायका मला हेच विचारतात आणि मी रोज त्यांना वाटेला लावते. खूप वाईट वाटतं. म्हणून तर इथे आले. माहीत असतं तर संध्याकाळी घरी पाय पसरून बसले नसते?"

वृद्ध प्राध्यापकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाहेर बसायला सांगितलं. दुपारी यादी लागली तेव्हा ते लांबलचक नाव मावशींनी या खेपेला बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून वाचलं. खाली जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मला कळलं होतं. तुझं पाठांतर इथपर्यंत ऐकू आलं." आणि भर रस्त्यात बायकोचा हात धरून उभा राहिला.

पण प्रवेश खिडकीवर घोडं अडलं. 'पालकाची सही' असा एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवलेला चालत नव्हता.

"अहो, माझ्या केसांकडे तरी बघा," मावशी म्हणाल्या.

"नियम सगळ्यांना सारखा, बाई. कचेरी बंद व्हायच्या आत आणा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

"मी करतो सही," नवरा पुढे सरसावला.

"नवरा चालत नाही. आई किंवा वडील."

दोघं बस पकडून घरी आले. आई पलंगावर बसली होती. मावशींनी धापा टाकत सगळं सांगितलं. म्हातारीने कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली. कचेरी बंद होईल म्हणून नवरा दारात चुळबुळ करत होता.

"याआधी एकदा केली होती अशी सही," आई म्हणाली. "शाळेतून तुझं नाव काढायला. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, पोर हुशार आहे, आणखी विचार करा. मी म्हटलं, विचार झालाय. तुला हे कधी सांगितलंच नाही मी."

मावशींनी पेनाचं टोपण काढून पेन आईच्या हातात दिलं. म्हातारीने मोठमोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. ते रकान्यात मावलं नाही, बाहेर आलं.

"आणि मार्क कमी पडले तर पालकांना बोलावून घेतात ना?" पेन परत देत तिने विचारलं. "बोलावलं तर येईन मी. कितीही जिने असू देत."