चार नंबरच्या नळीपाशी

दोनदामावशी जन्माचीच भित्री. शाळेत फळ्यापाशी बोलावलं की येत असलेलं उत्तरही पळून जायचं. लग्न झालं तेव्हा पहिल्याच महिन्यात नवऱ्याच्या लक्षात आलं, की आपली बायको कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघते, गॅस बंद केला का ते दोनदा उठून बघते, आणि आपण घरी पोचायला उशीर केला तर फाटकापर्यंत दोनदा येऊन जाते. त्याने थट्टेने तिचं नाव ठेवलं 'दोनदा'. पुढे वय वाढलं तशी त्याला मावशी जोडली गेली, आणि खरं नाव कागदावरच राहिलं.

पण भित्र्या माणसाचाही कुठेतरी उपयोग असतो. तिची नोकरी तिला भित्रेपणानेच मिळवून दिली.

गावाच्या एका अंगाला अभयारण्य आणि त्याच्या कुंपणाला लागून लोहखनिजाची खाण. खाणीला परवाना देताना सरकारने एक अट घातली होती. अभयारण्यात एक झरा आहे. उन्हाळ्यात आतल्या सगळ्या जनावरांना तेवढंच पाणी. खाण जसजशी खोल जाईल तसतसं जमिनीतलं पाणी तिच्याकडे ओढलं जाईल आणि झरा आटेल, अशी वनखात्याला धास्ती. म्हणून खाण आणि झरा यांच्यामध्ये सात ठिकाणी जमिनीत भोकं पाडून लोखंडी नळ्या बसवल्या. महिन्यातून एकदा नळीत टेप सोडायची, तिचं टोक पाण्याला टेकलं की ती 'पिं' करून वाजते, मग नळीच्या काठाशी आकडा वाचायचा. चार नंबरच्या नळीत पाणी काठापासून सहा मीटर चाळीसच्या खाली गेलं, तर सुरुंग बंद. चाळीसला किंवा त्याच्या वर आलं, की पुन्हा चालू. खाणही जगावी, झराही जगावा, असा तो करार होता, आणि तो सगळा एका टेपवर लटकलेला होता.

ती टेप धरायला वनखात्याला माणूस हवा होता. मुलाखतीला वनखात्याच्या बाईसाहेबांनी विचारलं, "जंगलाच्या कडेने एकटीने फिरायचंय. भीती वाटेल का?"

"वाटेल," मावशी म्हणाली.

"मग कसं करणार?"

"नीट बघून जाईन."

बाईसाहेब हसल्या आणि तिला ठेवून घेतलं. त्याला आता सात वर्षं झाली. प्रत्येक नळीत ती टेप दोनदा सोडायची. दोन्ही वेळा तोच आकडा आला तरच नोंदवहीत उतरवायची. नळीच्या टोपणावरच वही टेकवून लिहायची, कारण सगळ्या नळ्या जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच होत्या आणि बुटक्या मावशीच्या कमरेला लागायच्या. दुपारी सुरुंगाआधीचा भोंगा झाला, की वही बगलेत धरून दोन्ही कानांत बोटं घालायची आणि धमाका संपेपर्यंत डोळे मिटून उभी राहायची. सात वर्षांत त्या आवाजाची तिला सवय झाली नाही ती नाहीच.

तिचा नवरा त्याच खाणीत टँकर चालवायचा. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारत दिवसभर हिंडायचा. एकाच्या पगाराला खाण, दुसऱ्याच्या पगाराला जंगल. "आमच्या घरात दोन्ही पक्ष एका ताटात जेवतात," असं तो सगळ्यांना सांगायचा.

गेलं वर्षभर मावशीची कंबर दुखत होती. मोजून आली की नवरा संध्याकाळी मलम चोळून द्यायचा आणि म्हणायचा, "वय झालं तुझं." तीही म्हणायची, झालं असेल. गंमत अशी, की दुखणं मोजणीच्या दिवशीच उठायचं आणि तेही चार नंबरच्या नळीपाशी. पाच नंबरला पोचली की कळ उतरायची. यात विचार करण्यासारखं काही आहे, हे तिच्या डोक्यात अकरा महिने आलं नाही. चार नंबर उतारावर होती, उभं राहायची जागाच वाकडी. तिने दोष कधी उताराला दिला, कधी चपलांना.

बाराव्या महिन्यात तिने चार नंबरला टेप सोडली. सहा मीटर बारा. पुन्हा सोडली, सहा बारा. वही टोपणावर ठेवून लिहायला वाकली आणि कळ आली म्हणून मांडीवर हात टेकला. तेव्हा तिला दिसलं, की नळीचा काठ तिच्या मांडीशी आहे.

ती पाच नंबरपर्यंत चालत गेली. काठ कमरेला. परत आली. काठ मांडीला. तिने टेप आत न सोडता नळीच्या बाहेरून धरली, जमिनीपासून काठापर्यंत. एकोणसत्तर सेंटीमीटर. पुन्हा मोजली. एकोणसत्तर.

मग तिला सगळं आठवलं. अकरा महिन्यांपूर्वी खाणीचं लोडर मागे घेताना या नळीला धडकलं होतं. तोंड वाकलं होतं. खाणीच्या वेल्डरने वाकडा भाग कापला, काठ घासून गुळगुळीत केला, पिवळा रंग दिला आणि नवा चार आकडा काढला. मावशीने त्याचे आभार मानले होते. त्या महिन्यात पाऊस भरपूर झाला होता. पाणी एकदम फूटभर वर आलेलं दिसलं, तेव्हा सगळ्यांनी श्रेय पावसाला दिलं. पाणी तिथेच होतं, काठ खाली आला होता. एकतीस सेंटीमीटर. बारात एकतीस मिळवले की त्रेचाळीस. सहा मीटर त्रेचाळीस.

मावशी तिथेच खाली बसली. भोंगा वाजला तेव्हा कानात बोटं घालायचंही तिला सुचलं नाही.

सगळ्यात आधी तिला आठवला झऱ्यावरचा म्हातारा राखणदार. चार महिन्यांपूर्वी वनखातं आणि खाण यांच्या बैठकीत तो म्हणाला होता, "झऱ्याची धार बारीक झालीय." तेव्हा बाईसाहेबांनी मावशीची वही उघडून त्याच्यापुढे सरकवली होती. "काका, आकडे बघा. पाणी आहे तिथेच आहे. तुमची नजर कमी झाली असेल." म्हाताऱ्याने वही परत सरकवली होती. आणि मावशी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याला मानतंय म्हणून, मान ताठ करून बसली होती. त्या ताठ मानेची तिला आता इतकी लाज वाटली, की आजूबाजूला कुणी नसताना तिने पदर तोंडावर घेतला.

मग भीती आली, ती एकेक करून नाही, एकदम आली. अकरा महिन्यांच्या चुकीच्या नोंदी, प्रत्येकीखाली तिची सही. खोटी नोंद म्हणून पकडतील का? सात वर्षांच्या सगळ्याच वह्या खोट्या ठरवतील का? सुरुंग थांबले तर चारशे माणसं घरी बसतील, त्यात एक तिच्याच घरातला. आणि चार दिवसांनी बैठक होती. खाणीला झऱ्याच्या दिशेने आणखी एक पायरी, म्हणजे खोदकामाचा पुढचा टप्पा, खोदायची होती, आणि परवानगी द्यायची की नाही ते तिची वही बघून ठरणार होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो मलमाची डबी हातात धरून बसूनच राहिला.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि झरा?"

तो मान खाली घालूनच म्हणाला, "खाणीच्या तळाशी पाणी साचतं ना, त्यातनं मी टँकर भरतो. आधी चार फेऱ्यांत खड्डा कोरडा पडायचा. आता पंप दिवसभर चालतो तरी हटत नाही. मला वाटलंच होतं, हे पाणी कुठूनतरी येतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काय एकटीच भित्री आहेस का घरात?"

दोघंही जेवली नाहीत. तिला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. पुढचे तीन दिवस तिने कुलूप चार चार वेळा ओढून पाहिलं.

बैठकीची खोली लहान. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली अभयारण्याचा नकाशा. एका बाजूला बाईसाहेब, समोर खाणीचे पर्यावरण बघणारे तरुण साहेब, नेहमीसारखे नम्र. कोपऱ्यात राखणदार, भिंतीला टेकून. बाईसाहेबांनी वही उघडली. "चार नंबर, सहा बारा. ठीक आहे. मावशी, काही सांगायचंय?"

मावशी उभी राहिली. चार दिवस तिने वाक्य पाठ केलं होतं. फळ्यापाशी व्हायचं तेच झालं, पाठ केलेलं सगळं पळालं. सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी तोंडातून जे निघालं ते असं:

"माझी कंबर दुखते."

खोलीत हशा पिकला. खाणीचे साहेब मात्र सौजन्याने पुढे झुकले. "अहो, मग सांगायचं ना. तुम्हाला एक घडीचं स्टूल देतो आम्ही. बसून मोजा."

"स्टूल नको," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता, की बाईसाहेबांना पंखा बंद करायला सांगावं लागलं. "चार नंबरची नळी उंच करून द्या. आधी होती तेवढी."

बाईसाहेबांना कळायला वेळ लागला. खाणीच्या साहेबांना लागला नाही. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आधी किती होती?" बाईसाहेबांनी विचारलं.

"एक मीटर. आता एकोणसत्तर. दोनदा मोजलंय."

हसू कधीच थांबलं होतं. बाईसाहेबांनी वहीच्या कोपऱ्यावर बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. मग त्या उठल्या आणि सगळ्यांना घेऊन नळीपाशी गेल्या. बेरीज नळीपाशीही तीच राहिली. त्याच दुपारी भोंगा वाजला नाही.

मावशीला पकडायला कुणी आलं नाही. बाईसाहेबांनी तिला एक लेखी ताकीद दिली. खाणीने नळीला तुकडा जोडून ती बरोबर एक मीटर केली. राखणदाराची माफी मागायला ती गेली, तेव्हा तो म्हणाला, "माझी नजर कमी झालीय हेही खरंच आहे," आणि तिला झऱ्याचं पाणी प्यायला दिलं. तांब्या भरायला बराच वेळ लागला.

पण सुटका झाली म्हणावं, तर आगीतून फुफाट्यात. डंपर रांगेत उभे. टँकर उभा. नवरा दारात बसून टँकरच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करायचा. नळावर पाणी भरायला मावशी गेली की बायका गप्प व्हायच्या. दुकानदार सुटे देताना तिच्याकडे बघायचा नाही. चारशे घरं एकाच गोष्टीची वाट बघत होती, पुढच्या मोजणीची. आकडा चाळीसला आला की काम चालू. तिच्या स्वतःच्या घरातही तीच वाट बघणं चालू होतं, आणि खरं सांगायचं तर तीही मनातून म्हणत होती, ये रे बाबा वर.

मोजणीच्या दिवशी ती चार नंबरला पोचली तर तिथे साठ-सत्तर माणसं. वेल्डर, लोडरवाला, नळावरच्या दोघी-तिघी. सगळे ओळखीचे, म्हणूनच जास्त भीती वाटली. नवरा तिच्याबरोबर आला होता. तो कोणाच्या बाजूने उभा राहील हे तिला खरंच माहीत नव्हतं.

तिने टोपण काढलं. टेप सोडली. इतकी शांतता होती, की 'पिं' सगळ्यांना ऐकू आलं. काठाशी आकडा होता सहा मीटर एक्केचाळीस.

"किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"एक्केचाळीस."

"पुन्हा मोज."

ती तशीही मोजणारच होती. टेप वर घेतली, टोक पुसलं, पुन्हा सोडली. एक्केचाळीस.

"एका सेंटीमीटरने काय होतंय मावशी?" वेल्डर म्हणाला. त्याच्या आवाजात धमकी नव्हती, विनवणी होती, आणि तिला धमकी परवडली असती. "बोटाएवढंही नाही ते. चाळीस लिही. कोण बघतंय?"

माणसं अर्धं पाऊल जवळ आली. मावशीने टोपण लावून त्यावर वही ठेवली तर ती थरथरत होती, म्हणजे थरथरत होती मावशी. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो नळीकडे बघत होता. वर्षभर ती जिथे वाकत होती तो काठ आता पुन्हा तिच्या कमरेला होता.

तो पुढे आला. तिच्या आणि माणसांच्या मध्ये उभा राहिला, पाठ तिच्याकडे करून. त्याच्या मानेवर घाम आलेला तिला दिसला. तोही घाबरलेला होता.

"दोनदा मोजलंय तिने," तो म्हणाला. "लिहू दे."

मावशीने एक्केचाळीस लिहिलं.