शालीतलं प्रथिन

सत्याला वजन असतं आणि ते दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत मोजता येतं, असं मी प्रयोगशाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगत असे. मास स्पेक्ट्रोमीटर हे आमचं यंत्र रेणूंची वजनं मोजतं. प्रथिनांपासून केलेल्या औषधात काय आहे आणि काय नसायला हवं होतं, ते त्यावरून कळतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत माझी नोकरी याच कामात गेली.

एका वर्षी माझा सत्कार झाला. पालघरच्या सभागृहात आमच्या संचालकांनी मला शाल पांघरली, विज्ञानमहर्षी म्हटलं आणि यंत्राचं नाव दोनदा चुकवलं. नारळाची घरी चटणी झाली. शाल मी यंत्राच्या खोलीत नेली, कारण बाहेर रिक्षावाले घामाने भिजलेले असले तरी ती खोली थंडगार ठेवावी लागते आणि माझे खांदे धरतात.

काही आठवड्यांनी औषधाच्या नमुन्यांत एक अनोळखी प्रथिन दिसू लागलं. संचालकांना कारण लगेच सापडलं. नमुने तयार करणाऱ्या तंत्रज्ञ बाई एडवणच्या, घरची होडी, डब्यात बहुधा सुके बोंबील. ‘मासळीचे हात,’ असं ते बैठकीत म्हणाले, त्यांच्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात. सुकी मासळी आणण्यास सक्त मनाई असल्याची सूचना भिंतीवर लागली. बाईंचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. त्या डब्यातले बोंबील मी कित्येकदा खाल्ले होते. बैठकीत मी हे बोललो नाही.

त्या प्रथिनाचे तुकडे मी संगणकात माशांच्या प्रथिनांशी ताडून पाहिले. जुळेनात. मग आणखी माशांशी पाहिले. तिसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“सर, मागल्या आठवड्यात मी चार दिवस रजेवर होती. तवा नमुने कोणी बनवले?”

मी बनवले होते.

“त्यांच्यात हाय का नाय तुमचा मासा?”

होता. इतर दिवसांपेक्षा जास्तच होता. ते आलेख माझ्या सहीने माझ्याच खणात पडून होते. मी ते पाहिलेही होते, पण मासा शोधण्याच्या नादात त्यांचा अर्थ लावायचं राहून गेलं होतं.

“मला हात धुवायला सांगता,” बाई म्हणाल्या. “तुमचे कोण धुणार?”

त्या दुपारी मी माशांची अट काढून सगळ्या प्राण्यांत शोध घेतला. चहा निवायच्या आत उत्तर आलं: केराटिन, म्हणजे केसांतलं प्रथिन, आणि तेही मेंढीचं. बोईसरच्या कारखान्यात मेंढी कुठून आली, याचा विचार करत मी खुर्चीत मागे टेकलो, तेव्हा शाल मानेला टोचली.

बाईंनी केलेल्या नमुन्यांची झाकणं उघडून शेवटचं द्रावण मीच घालत असे, शाल पांघरून. खात्रीसाठी साध्या शुद्ध पाण्यावर शाल झटकली आणि ते यंत्रात घातलं. तेच प्रथिन आलं.

अहवाल वाचून संचालकांनी ‘वातावरणातील घटक’ असं मोघम लिहिता येईल का, असं विचारलं. सत्कार त्यांच्या हस्ते झाला होता. तो घटक माझ्या खांद्यावर होता, असं मी सांगितलं आणि तसंच लिहून सही केली. बाईंचं कंत्राट पुढे चालू राहिलं. भिंतीवरची सूचना त्यांनी स्वतःच काढली. मी माफी मागायला गेलो, तेव्हा त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि एक शंका काढली.

“पण सत्काराच्या शाली नायलॉनच्या असतात ना, सर?”

ही लोकरीची होती. पुरावा अहवालाच्या सातव्या पानावर आहे.