लाल शाईचं बोट

मॅमोग्राफीच्या यंत्रात मी आजवर एकच पुस्तक ठेवलं आहे, आणि त्यालाही सवयीने म्हणाले, "श्वास रोखा."

दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतली ही गोष्ट. इंग्लंडमधल्या रीडिंगजवळच्या एका हॉस्पिटलात मी स्तनांचे एक्स-रे वाचणारी डॉक्टर होते. आमचं मराठी मंडळ गणपतीला एका जुन्या चर्चचा हॉल भाड्याने घेई. किल्ली असे चर्चची व्यवस्था बघणाऱ्या वॉर्डनबाईंकडे. ऐंशीच्या घरातल्या, काठीसारख्या ताठ. मोदकाचं सारण गालिच्यावर सांडलं तर त्या बोलत नसत. ब्रश आणून नुसता समोर धरत.

एकदा किल्ली परत द्यायला गेले, तर त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. टेबलावर एक जाडजूड लॅटिन प्रार्थनापुस्तक होतं. त्याच्या पुठ्ठ्याला आतून चर्मपत्राचं अस्तर लावलेलं. त्याची दिसणारी बाजू कुणीतरी सुरीने खरवडून कोरी केली होती. एक कोपरा मात्र खळीतून सुटला होता, आणि त्याखालून एक लाल अक्षर बाहेर बघत होतं.

"आत सगळं लॅटिन," त्या म्हणाल्या, "आणि पुठ्ठ्याच्या पोटात इंग्लिश."

मग त्यांनी सांगितलं. एके काळी बिशपच्या परवानगीशिवाय बायबलचं इंग्रजी भाषांतर बाळगणं हा इथे गुन्हा होता. हाताने लिहिलेल्या प्रती सापडल्या की जाळत, कधी बाळगणाऱ्यालाही. चुकून उरलेली एखादी बाइंडरच्या हाती लागली, तर तो तिचे तुकडे करून दुसऱ्या पुस्तकांना अस्तर लावी. मला भेळेचा कागद आठवला. खून झालेला आहे, पोलीस दारात आहेत, आणि पुढची ओळ शेजारच्याच्या भेळेखाली.

"चाळीस वर्षं मी हा कोपरा बघतेय. तीन पाद्री झाले. तिघेही म्हणाले, बाइंडिंग उघडायचं नसतं. आता सोमवारी पुस्तक काउंटीच्या संग्रहालयात जाणार. तिथे तर काचेत ठेवतील." त्यांनी चष्मा काढला. "डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, नाताळपर्यंत अक्षरं जातील. माझी, पुस्तकाची नव्हे."

न उघडता आतलं एक्स-रेने बघू, असा मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसले. आमच्या विभागप्रमुखांना विचारलं.

"पेशंटचं वय?"

"पाचशेच्या आसपास."

"मग रेडिएशनची काळजी नको."

नवरा म्हणाला, "पुढच्या रविवारी चर्चची घंटा आण. तिच्यातही गाठ असेल."

रविवारी दुपारी विभाग बंद होता. रिकाम्या खुर्च्या, खिळ्यांना लटकलेले गाऊन, एरवी कानावर न पडणारी यंत्राची घरघर. वॉर्डनबाई आल्या आणि त्यांच्या मागे पुस्तक छातीशी धरून तरुण पाद्री. तो देखरेखीला आला होता. "फोटो काढा," तो म्हणाला, "पण उघडायचं नाही, प्लीज."

"नाही उघडत," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

मी पुठ्ठा यंत्राच्या तळावर ठेवला. "श्वास रोखा" हे शब्द तोंडातून गेले, पाद्री हसला, आणि हाताच्या सवयीने मी वरची पट्टी खाली दाबली. रोज दाबते तशी. पुस्तकाला ती दाबायची काहीही गरज नव्हती.

फिल्म धुऊन आली. लाल शाईत हिंगूळ असतो, म्हणजे पारा, त्यामुळे लाल तेवढं ठळक उमटलं होतं. काळी शाई जवळजवळ नाहीच. मी फिल्म दिव्यावर लावली. करड्या धुक्यात एक मोठं अक्षर होतं आणि त्याच्या शेजारी, समासात, एक हात. मनगटापासून पुढचा, तर्जनी लांब केलेला. मी हजारो हातांचे एक्स-रे पाहिले आहेत, पण हाडं नसलेला हात तो पहिलाच. तो बोटाने काहीतरी दाखवत होता, आणि जिथे दाखवत होता तिथे काहीच नव्हतं.

वॉर्डनबाई नाक लावून बघत होत्या. "काय दाखवतोय?"

"तिथे काळी शाई असणार. ती या यंत्राला दिसत नाही."

त्या खुर्चीत बसल्या. "म्हणजे आताही नाहीच."

तेवढ्यात यंत्राकडून आवाज आला. कुणीतरी खूप वेळ धरलेला श्वास सोडावा तसा. आम्ही तिघंही वळलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पट्टी वर गेलेली होती आणि तिच्याखाली अस्तर अर्ध्याहून जास्त आपोआप उचललं जात होतं, सावकाश, पान उलटतंय असं. माझ्या दाबाने शेकडो वर्षांची खळ तडकली होती. हे कारण मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

अस्तराच्या आतल्या बाजूला तो रंगवलेला हात तसाच होता, ताज्या रक्तासारखा. बोटापुढे काळ्या ओळी होत्या, आणि हाताखाली बारीक अक्षरात त्या काळच्या कुणा वाचकाने स्वतः लिहिलेले चार शब्द. पाद्री वाकला. "आईला वाचून दाखव," असं काहीसं त्याने लावलं.

"मग वाच," वॉर्डनबाई म्हणाल्या.

"आधी संग्रहालयाला कळवायला हवं..."

"जाळणारे गेले, आणि आता तुम्ही जपणारे आलात. वाच रे बाबा. मी ऐकते."

त्यांनी डोळे मिटले. पाद्री अडखळत वाचू लागला. जुनं इंग्लिश, मला दर तिसरा शब्द कळेना, पण त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. चार ओळींनंतर वाक्य अस्तराच्या चिकटलेल्या भागाखाली शिरलं.

"पुढे?"

पाद्र्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाही मागे सारली आणि नख चर्मपत्राखाली सरकवलं.